दाराचा ताबा

खतीबशेठच्या घराचा दरवाजा हारुन मुकादमच्या खोलीत येऊन उभा राहिला, तो बुधवारी, दुपारच्या नमाजानंतर. दोन कवाडं, प्रत्येक सात फूट उंच, जुनं कोकणी सागवान, वर कोरलेली वेलबुट्टी आणि पितळेच्या कड्या. मूठभर माणसांच्या मदतीने तो जिना चढवताना शेजारच्या भिंतीचा गिलावा गेला. खोली दहा बाय बाराची. दरवाजा आत आला तेव्हा कपड्यांचं कपाट बाहेर व्हरांड्यात गेलं आणि पंखा एका कवाडाच्या आड आला. त्यामुळे आखातातल्या देऱ्याच्या ऑगस्टमध्ये वारा फक्त दरवाजालाच लागू लागला.

"हा किती दिवस राहणार?" जैनबने विचारलं.

"कायदा सांगेल तितके," हारुन गंभीरपणे म्हणाला. हा गंभीरपणा त्याने तासाभरापूर्वीच विकत घेतला होता. पाच रियालला, म्हणजे आपल्या जवळजवळ आठ रुपयांना.

विकणारा हनीफ होता. हनीफ खाडीतल्या अब्रा होड्यांच्या धक्क्याजवळ छपराखाली टाइपरायटर घेऊन बसे आणि लोकांचे अर्ज टाइप करून देई. मुंबईला वकिलीची पहिली परीक्षा देऊन तो इकडे आला होता. तिचा निकाल काय लागला हे कोणी त्याला विचारत नसे, आणि तो सांगत नसे. पण कायद्याची दोन जाडी पुस्तकं त्याच्या टेबलावर कायम असत आणि वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणूनही त्यांचा उपयोग होई.

हारुनने त्याला सगळी हकीकत सांगितली होती. खतीबशेठ, म्हणजे कापडवाले यूनुस खतीब, आपल्याच बाजूचे, बाणकोटच्या खाडीपलीकडचे. त्यांच्या लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं मुंबईच्या बोटीने यायची होती. म्हणून शेठनी जुन्या घरात नवा दिवाणखाना काढून घेतला आणि विलायती पद्धतीचं बाथरूम बांधून घेतलं. काम हारुनचं. चार महिने राबून त्याने ते पुरं केलं. शेवटचे अठराशे रियाल मागायला गेला, तर शेठ म्हणाले, "अरे, कमोडचं तोंड किबल्याकडे आहे. या घरात पाहुण्यांना काय तोंड दाखवू? आधी ते फिरव, मग बोल."

किबला म्हणजे नमाजात जिकडे तोंड करायचं ती दिशा; संडासात तिकडे तोंड करून बसणं मना. पण कमोडचं तोंड किबल्याकडे नव्हतं. हे हारुनला ठाऊक होतं, त्याच्या दोन्ही सुतारांना ठाऊक होतं आणि शेठलाही ठाऊक असणार, असा हारुनचा संशय होता. पण फिरवायचं म्हणजे सगळी फरशी उखडायची आणि पाइप तोडायचे, आणि एवढं करून शेठ आणखी काहीतरी काढणार. इकडे लाकडाच्या वखारवाल्याने महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर पैसे आले नाहीत तर तो हारुनची विजेवर चालणारी करवत उचलून नेणार होता. करवत गेली की धंदा गेला आणि धंदा गेला की परतीची बोट. 'एच. मुकादम, बिल्डिंग काँट्रॅक्टर' ही पाटी अजून नवी होती. रंगाचा वास पुरता गेला नव्हता.

"रस्ते तीन आहेत," हनीफने बोटांवर मोजत सांगितलं. "नोटीस, दावा आणि लीन."

"लीन म्हणजे?"

"समज, शिंप्याने तुझा कोट शिवला आणि तू पैसे दिले नाहीस. शिंप्याने कोट ठेवून घ्यायचा. पैसे मिळेतो कोट त्याच्याकडे. कायदा त्याला हात लावत नाही. याला लीन म्हणतात."

"मग मी घर ठेवून घेऊ?"

"घर कसं ठेवणार? घर शेठच्या ताब्यात आहे. अमेरिकेत म्हणे सुताराने खिळा मारला की घरावरच त्याचा हक्क लागतो, मालकाला विकता येत नाही. आपल्याकडे तसं नाही. इथे जे तुझ्या हातात आहे, तेवढ्यावरच. हातात काय आहे तुझ्या?"

हारुनने विचार केला. "दरवाजा," तो म्हणाला. शेठचा पुढचा दरवाजा तासून, कुजलेली कड बदलून, पॉलिश करायला तो शेडमध्ये घेऊन आला होता. तो तयार होऊन पडला होता.

हनीफने टाइपरायटरवरून हात काढले. "मुकादम, तू जिंकलास. फक्त दोन गोष्टी. ताबा सुटला की हक्क सुटला. दरवाजा एकदा त्याच्या माणसांच्या हाती गेला, की खलास. आणि वस्तू वापरायची नाही. वापरलीस तर उलटा गुन्हा तुझ्यावर."

शेडला धड कुलूप नव्हतं. म्हणून दरवाजा खोलीत आला.

जैनबने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लीन तर तुम्ही पहिल्यापासूनच आहात. म्हणून तर ही पाळी आली."

ओल्या कपड्यांसाठी व्हरांड्यात जागा उरली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने एक परकर पितळी कडीला अडकवला. हारुनने तो घाईघाईने काढला आणि 'वस्तूचा वापर' या विषयावर दहा मिनिटं बोलला. नऊ वर्षांची झुबेदा पाठ टेकून गणित सोडवत होती, तिलाही त्याने सरकवलं. शाळेत गेल्यापासून झुबेदा घरात इंग्रजीतच उत्तर देई.

"अब्बा, इट इज ओन्ली अ डोअर."

"डोअर नाही, पुरावा आहे," हारुन म्हणाला.

वरच्या मजल्यावरचा रफिक बँकेत क्लार्क होता आणि त्याला कोणत्याही विषयावर सल्ला देता येई. तो त्या संध्याकाळी चहाला आला, दरवाजाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "फोटो काढून ठेव. मापं लिहून ठेव. पाटी लाव, 'जप्त' म्हणून."

"जप्त कोर्ट करतं. मी फक्त धरून ठेवलाय."

"मग तसं लिही. पण मुकादम, एक सांगू? शेठने चोरीची तक्रार दिली तर? दुसऱ्याच्या घराचा दरवाजा तुझ्या घरात. बघणाऱ्याला काय वाटेल?" त्याने बशीतला चहा फुंकला. "गेल्या साली आमच्या बँकेतल्या एकाला असंच काहीतरी झालं. सरळ बोटीत बसवला. सामान मागाहून गेलं."

चहा छान झालाय असं सांगून रफिक निघून गेला. हारुनला त्यानंतर चहा गेला नाही.

त्या दिवसापासून हारुन नमाजाखेरीज घराबाहेर पडेना. ताबा म्हणजे काय, हे त्याला हळूहळू कळत गेलं. ताबा म्हणजे मशिदीत जाताना जैनबला खोलीत बसवून जाणं, कामावर न जाणं, जिन्यात पाऊल वाजलं की उठून उभं राहणं. दोन नवी कामं आली होती, ती दुसऱ्याला गेली. वखारवाल्याचा माणूस येऊन महिनाअखेरीची आठवण करून गेला आणि जाताना दरवाजाकडे बघून म्हणाला, "माल चांगला आहे." 

शेठनी आधी मशिदीतल्या वडीलधाऱ्यांकरवी निरोप धाडला. आपण एका गावची माणसं, लेकीचं लग्न आहे, दरवाजा देऊन टाक, पैशांचं नंतर बघू, इन्शाल्ला. हारुनने नम्रपणे सांगितलं की पैशांचं आधी बघू, इन्शाल्ला. वडीलधारी मंडळी मान हलवत गेली. दुसऱ्या दिवसापासून मशिदीत अर्ध्या लोकांनी त्याला सलाम केला आणि अर्ध्यांनी चपला शोधण्यात वेळ घालवला. शेठच्या घराला पुढे गोणपाट लावलंय, घरात बायका आहेत आणि वारा आला की गोणपाट उडतं, ही बातमी सगळ्या गल्लीला झाली होती. हारुनला त्याची शरम वाटे. पण करवतीची आठवण झाली की शरम जरा मागे सरे.

मग सोमवारी भर दुपारी तो प्रकार झाला.

त्या चाळीत संडास अंगणात होता. हारुन टमरेल घेऊन गेला होता. आत बसल्या बसल्या त्याला गल्लीत हातगाडी थांबल्याचा आवाज आला. मग वर पायांचा. मग जैनबचा, जरा चढलेला. "त्यांनी सांगितलंय? कधी सांगितलंय? ते तर इथेच आहेत."

हारुनने जे काही चाललं होतं ते तिथेच सोडलं. तो जिना चढून आला तेव्हा दोन बलोच हमाल एक कवाड उचलून चौकटीपर्यंत आले होते आणि जैनब त्याची दुसरी कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. एका हमालाच्या हातात चिठ्ठी होती. 'दरवाजा या माणसांपाशी देणे. हारुन मुकदाम.' अक्षर हारुनचं नव्हतं आणि सहीत मुकादम चुकीचं लिहिलं होतं.

"ये मेरा लिखा नहीं है," हारुन म्हणाला. त्याच्या हातात टमरेल होतं, पायजम्याची नाडी दुसऱ्या हातात होती आणि खाली अंगणात बारा-पंधरा माणसं जमली होती. "छोडो. पहले छोडो."

हमालांनी जैनबकडे पाहिलं. ती कड सोडत नव्हती. तिची बोटं पांढरी पडली होती. शेवटी त्यातल्या वयस्क हमालाने कवाड हळूच खाली टेकवलं, "हमको क्या मालूम, हबीबी," असं म्हणून चिठ्ठी ठेवली आणि दोघं निघून गेले.

जैनब मटकन खाली बसली. तिच्या तळहातात लाकडाची सल शिरली होती. हारुन ती सुईने काढत असताना ती म्हणाली, "उद्या चार आणतील."

"आता तूच सांग. देऊन टाकू?"

तिने सल निघालेला तळहात पदराला पुसला. मग म्हणाली, "चार महिने तुम्ही त्या घरात मरमर केलीत. देऊन टाकायचा असता तर मी धरला असता का?"

चार हमाल आले नाहीत. त्यांच्याऐवजी मंगळवारी कोर्टाचा शिपाई आला. आपल्या लोकांचे खटले तेव्हा गोऱ्या साहेबासमोर चालत. खतीबशेठची तक्रार होती: हारुन मुकादम याने माझ्या घराचा दरवाजा चोरून नेला आणि परत मागितला असता देत नाही. गुरुवारी सकाळी हजर राहावं.

"चोरी," हारुन म्हणाला. हा शब्द त्याच्या घराण्यात कोणाला लागला नव्हता.

हनीफने मात्र कागद वाचून हात चोळले. "आपण लीन सांगू. आणि साक्षीदार देऊ. कमोड कुठे बसवायचा ते तुला जागेवर कोणी दाखवलं होतं?"

हारुनने आवाज उतरवून सांगितलं. दाखवलं होतं खुद्द शेठच्या बायकोने, मैमुनाबीने. बुरख्यातून हात काढून तिने भिंतीवर खडूने रेघ मारली होती. "इकडे पाठ, तिकडे बाजू. चुकवू नकोस, हारुन," असं बजावलं होतं.

"तिचंच नाव देऊ," हनीफ म्हणाला.

"नाही. बाईमाणसाचं नाव कचेरीत घ्यायचं नाही."

"मग हरशील."

"बघू."

गुरुवारी कोर्टात गर्मी होती आणि पंखा एकच. साहेब तरुण होता, नाक उन्हाने सोललेलं. मुन्शी सगळं हिंदीतून इंग्रजीत सांगत होता. खतीबशेठ पांढराशुभ्र पोशाख करून आले होते आणि हारुनकडे बघत नव्हते. साहेबाने सगळं ऐकलं, चिठ्ठीही पाहिली. ही कोणाची, असं विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, माझ्या दुकानातल्या कोणा मूर्खाने परस्पर लिहिली असेल. मग साहेबाने किबल्याचं विचारलं. शेठनी खुलासा केला. साहेब म्हणाला, या विषयात मला गती नाही. मग हारुनला विचारलं, जागा कोणाच्या सांगण्यावरून ठरली?

हारुनने हनीफकडे पाहिलं. हनीफ मान हलवून हलवून 'बोल, बोल' म्हणत होता.

"घरच्या माणसांच्या सांगण्यावरून," हारुन म्हणाला.

"कोण माणूस?"

"ते मी सांगू शकत नाही, साहेब."

मुन्शीने ते भाषांतर करून सांगितलं आणि हारुनकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं.

साहेबाने निकाल दिला तो थोडक्यात. ही चोरी नाही. दरवाजा दुरुस्तीला दिला होता आणि कारागिराला तो मजुरीपोटी ठेवून घेण्याचा हक्क आहे. हारुनने श्वास सोडला. पण, साहेब पुढे म्हणाला, फक्त या दरवाजाच्या मजुरीपोटी. बाथरूमचे आणि दिवाणखान्याचे पैसे यात येत नाहीत. त्यासाठी वेगळा दावा लावा. दरवाजाची मजुरी किती?

"साठ रियाल," हारुन म्हणाला. अर्ध्या मिनिटापूर्वी तो जिंकला होता.

"उद्या सकाळी साठ रियाल द्या आणि दरवाजा घेऊन जा," साहेब शेठना म्हणाला. दाव्याची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळेल, असं मुन्शीने सांगितलं.

बाहेर उन्हात हनीफ म्हणाला, "ज्या वस्तूवर काम, तेवढ्याच कामाचे पैसे. ते पान माझ्या पुस्तकातून गेलंय, मुकादम. वाळवीने."

साठ रियाल म्हणजे आपले पंचाण्णव रुपये. दोन महिने म्हणजे करवत गेलेली. घरी येऊन हारुन दरवाजासमोर बसला. जैनबने जेवायला वाढलं, त्याने ते तसंच ठेवलं. तिने काही विचारलं नाही. तिला रफिकने आधीच सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी खतीबशेठ तीन हमाल घेऊन आले. पाठोपाठ जिन्यात बांगड्या वाजल्या आणि मैमुनाबी वर आली. पन्नाशीची बाई, गुडघे दुखणारी. दर पायरीला थांबत आली होती.

"तू कशाला?" शेठ म्हणाले.

"माझा दरवाजा आहे. नीट आहे का बघते."

तिने कवाडांवरून हात फिरवला, बदललेली कड शोधली आणि ती सापडेना तेव्हा हारुनला विचारलं. त्याने दाखवली. तिने मान डोलावली. मग जैनबने पुढे केलेल्या चटईवर ती बसली आणि चहा मागितला. शेठनी साठ रियाल मोजून हारुनच्या हातात ठेवले. हमालांनी कवाडाला हात घातला.

"थांबा जरा," मैमुनाबी म्हणाली. "हारुन, एकूण किती बाकी आहे तुझी?"

"हे सोडून अठराशे, आपा."

"कशापायी अडवलेत?" हे नवऱ्याला.

शेठ खिडकीकडे बघू लागले. "तुला ठाऊक आहे. किबला."

"काल संध्याकाळी मुन्शीची बायको आली होती," मैमुनाबी सावकाश म्हणाली. "साहेबाने याला विचारलं, जागा कोणी दाखवली. याने सांगितलं नाही. चोर ठरण्याची वेळ होती, तरी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला कळलं. तुम्हाला कळलं का?"

हमालांनी कवाडावरचे हात काढले. 

"मी दाखवली होती. बावीस वर्षं मी त्या घरात नमाज पढते आहे. मला किबला कुठे आहे ते कळत नाही, असं तुम्ही साहेबापुढे सांगून आलात."

"तुझं नाव कुठे घेतलं मी?"

"नाव न घेता सांगितलंत." तिने चहाचा पेला खाली ठेवला. "दरवाजा माझ्या बाबांनी मला दिलेला आहे. गलबतातून आला तेव्हा तुम्ही त्याचं भाडंसुद्धा दिलं नव्हतंत. साहेबाने तुम्हाला घेऊन जा म्हटलं, ते ठीक. त्याने मला विचारलं नाही. हारुनचा हक्क सुटला असेल, पण आता मी हा जैनबकडे ठेवायला देते आहे. अमानत. त्याचे अठराशे आले की घेऊन जाईन."

"उद्या पाहुणे येतायत, मैमुना."

"येऊ देत. गोणपाट आहेच. विचारलं तर सांगेन, का आहे ते."

 बायकोशी शेठ या खोलीत भांडू शकत नव्हते. खाली अंगणात माणसं जमली होती आणि रफिक तर कठड्याला टेकूनच उभा होता. ते जिना उतरून गेले. हमालांनी थोडी वाट पाहिली आणि ज्याने बोलावलं तो निघून गेला म्हणून आपली मजुरी हारुनकडे मागितली. हारुनने साठांतले सहा रियाल दिले. ते गेले.

तासभर गेला. मैमुनाबी जैनबला लेकीच्या सासरची माणसं कशी आहेत ते सांगत होती. हारुन उभाच होता. बसावं असं त्याला सुचलंच नाही. शेठ परत आले नाहीत तर काय, याचं त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मैमुनाबीकडेही नसावं, असं तिच्या बोलण्याच्या वेगावरून वाटत होतं.

मग जिन्यात पाय वाजले. शेठ एकटेच होते, घामाने भिजलेले. त्यांनी रुमालात बांधलेल्या नोटा चटईवर ठेवल्या. हारुनने मोजल्या आणि पावती लिहिली. 

"न्या आता दरवाजा," मैमुनाबी म्हणाली.

शेठनी जिन्यात डोकावून पाहिलं. हमाल नव्हते. जुम्म्याची वेळ जवळ आली होती. सगळ्या देऱ्यात आता हमाल मिळणार नव्हता. त्यांनी हारुनकडे पाहिलं. हारुनने बाह्या सरसावल्या. मग शेठनीही आपल्या पांढऱ्याशुभ्र बाह्या सरसावल्या.

पहिलं कवाड त्यांनी एक शब्द न बोलता नेलं. फक्त हारुन "पायरी" म्हणाला आणि शेठ "दिसली" म्हणाले. रस्त्यात नमाजाला निघालेली माणसं बाजूला होत होती आणि दोघांनाही सलाम करत होती. कोणाला आधी करावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

दुसरं कवाड घेऊन निघाले तेव्हा मैमुनाबी पंधरा पावलं मागून येत होती. अर्ध्या वाटेवर शेठ थांबले. "टेकव जरा." त्यांनी ते भिंतीच्या सावलीत टेकवलं. शेठ धापा टाकत होते.

"वजन आहे," ते म्हणाले.

"सागवान आहे," हारुन म्हणाला.

थोडा वेळ दोघे खाडीवरून येणारा वारा घेत राहिले. मग शेठ भिंतीकडे बघत म्हणाले, "तो नळ टपकतो."

"कुठला?"

"नव्या बाथरूममधला. गरम पाण्याचा. उद्या पाहुणे येतायत."

"वायसर बदलावा लागेल."

"संध्याकाळी येशील?"

"येईन," हारुन म्हणाला. त्याने आपल्या बाजूची कड पुन्हा धरली, नीट पकड घेतली आणि म्हणाला, "पैसे आधी, शेठ."

खतीबशेठनी त्याच्याकडे बघितलं. मग मागून येणाऱ्या मैमुनाबीकडे बघितलं. ती आता पाच पावलांवर आली होती.

"बरं," ते म्हणाले. "उचल."